दधिव्रतातले दही

पश्चिम मांबलम, चेन्नई

प्रिय रंजनी,

अनेक आशीर्वाद. चार दिवसांपूर्वी तुझ्या वेंकटचा फोन आला होता. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने सांगितले आणि त्यावर तू काय म्हणालीस तेही सांगितले. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे, वेळेवर सापडली आहे, चेन्नईला राहून पाच-सहा आठवडे करंट, म्हणजे किरणांचा उपचार, घ्यावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले. आणि तू म्हणालीस, आक्काला करंटने आतून जाळलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे, मला ते नको, काय व्हायचे ते इथे कुंभकोणमलाच होऊ दे. मला फोनवर बोलायला जमत नाही हे तुला माहीत आहे. बघतो, एवढेच म्हणून मी फोन ठेवला.

मग वाटले, पत्र लिहावे. आपल्या घरांत आता मराठी कुणी लिहीत नाही. वेंकटला देवनागरी येत नाही, आमच्या प्राणेशला अक्षरे ओळखू येतात एवढेच. तुझी आक्का वाणी आणि तू स्तोत्रे वाचण्यापुरत्या शिकलात आणि मला वडिलांनी शिकवले. म्हणजे हे पत्र तुझ्या घरात तुझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, आणि तेच बरे आहे. मी जे लिहिणार आहे ते मुलाकडून वाचून घेण्यासारखे नाही. खरे तर भाऊजींनी मेव्हणीला लिहावे असेही नाही. पण जिने तुला हे सांगायचे ती राहिली नाही. तेव्हा राग मानू नको.

माझे ठीक चालले आहे. सकाळी फिरून येतो, पूजा करतो, पेपर वाचतो. प्राणेश आणि शशिकला सकाळीच शोळिंगनल्लूरला ऑफिसला जातात ते दिवेलागणीनंतर येतात. मधला वेळ फार मोठा आहे. झोप होते तरी थकवा जात नाही. वाणीची सोवळ्याची लुगडी जिथे वाळत असत तो बांबू अजून छताला तसाच टांगलेला आहे. काढू का, असे प्राणेशने विचारले होते. राहू दे म्हटले. त्यावर आता काही वाळत घालत नाही, पण मान वर करण्याची सवय गेलेली नाही.

गेल्या वर्षी आषाढात वाणीचा करंट सुरू झाला तेव्हाचे तुला आठवत असेल. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ मुलीने काय खायचे ते सांगितले. पालेभाज्या नको, साली आणि बिया नको, मिरची नको, मऊ भात खा, दही-ताक घ्या, पाणी भरपूर प्या. वाणी बाहेर आली ती हसतच. म्हणाली, या मुलीने मला आपले शाकव्रतच वाचून दाखवले. खरेच होते ते. चातुर्मासाचा पहिला महिना म्हणजे घरात भाजी नाही, मिरचीच्या जागी मिरे. तुमच्या आईने तुम्हा दोघींच्या लग्नानंतर हे व्रत तुम्हाला दिले आणि तुम्ही ते कधी मोडले नाही. पहिल्या महिन्यात भाजी नाही, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात डाळी नाहीत. तुम्हाला एकमेकींना त्याचा अभिमान होता. देवाने वेळ बघून दुखणे दिले, असे तिने तुला फोनवर सांगितलेले मी ऐकले होते. तू काय म्हणालीस ते ऐकू आले नाही, पण ती हसली आणि बहुतेक तूही.

पहिले काही दिवस खरेच नीट गेले. करंट म्हणजे तू समजतेस तसे चटके नसतात. टेबलावर निजवतात, यंत्र भोवती फिरते, थोड्या वेळात उठवतात. मात्र आधी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते. मूत्राशय भरलेले असले की आतडे वर सरकते आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होते. वाणी यात हुशार. तिथल्या मुली तिला नमुना म्हणून दाखवत. इतर बायकांना सांगत, बघा, या पाट्टीआजी कशा पाणी पिऊन शांत बसतात. घरचे पाणी, घरचा तांब्या. हॉस्पिटलच्या नळाला तिने कधी तोंड लावले नाही.

मग एकादशी आली. तुमची एकादशी निर्जळी. तिने स्वतः मठातल्या आचार्यांना फोन केला आणि विचारले. ते म्हणाले, औषध म्हणून पाणी घ्या, काही दोष नाही. तिने घेतले. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचे त्यावरून कळेल.

श्रावणात दधिव्रत सुरू झाले. घरातले दही बंद झाले. ते इतके नेहमीचे होते की कुणाच्या लक्षातही आले नाही. दर वर्षी या महिन्यात आपल्याकडे विरजण नसते, तसे याही वर्षी नव्हते. दह्याच्या जागी दूध आले. सकाळी दूध, भातात दूध, दुपारी पुन्हा अर्धा पेला. अशक्तपणा आहे, दूध प्यायलाच हवे, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. फोनवर तूही म्हणत होतीस.

त्याच सुमारास तिच्या आंघोळी वाढल्या. सकाळी एकदा, स्वयंपाकाआधी एकदा, मग दुपारी, मग संध्याकाळी. प्रत्येक वेळी डोक्यावरून पाणी, प्रत्येक वेळी ओले लुगडे. आत शिरली की नळ पूर्ण सोडायची. आम्हाला वाटले, चातुर्मास आहे, त्यातून आजारपण, तेव्हा सोवळे अधिकच कडक केले असेल. खालच्या मजल्यावरच्या त्रिपुरसुंदरी मामी मला जिन्यात म्हणाल्या की इतक्या दुखण्यातही काय हा आचार, आमच्याच्याने झाले नसते. आता तू समजली असशील. तिला जुलाब होत होते. शौचाला जाऊन आले की आंघोळीशिवाय ती स्वयंपाकघराला आणि देवाला हात लावणार नाही. जितक्या वेळा जाई तितक्या वेळा आंघोळ करी. नळ सोडायची तो आवाज बाहेर येऊ नये म्हणून. दुसऱ्या कुठल्या घरात बाई दिवसातून इतक्यांदा मोरीत शिरली असती तर कुणीतरी विचारले असते. आपल्या घरात त्याला पुण्य समजले गेले.

मग एक दिवस तिने स्वयंपाकघर सोडले. शशिकलाला म्हणाली, आता तूच बघ. शशिकला पुण्याची, तिच्या माहेरी व्रते-बिते नाहीत, लग्न होऊन आली तेव्हापासून ती उंबऱ्याच्या अलीकडूनच डबे मागायची. तिला आधी गंमतच वाटली. अखेर मला व्हिसा मिळाला, असे ती प्राणेशला म्हणाली. त्या दोघींची थट्टा नेहमीची. तुमचे मराठी ताम्रपटातले, असे ती वाणीला म्हणे आणि वाणी म्हणे, तुझे टीव्हीतले. पण त्या दिवशी वाणी नुसती भिंतीला टेकून बसली. शशिकलाने तेव्हाच मनात काहीतरी टिपले असावे.

त्याच आठवड्यातली गोष्ट. करंट घेऊन आम्ही ऑटोने परत येत होतो. कोडंबाक्कमच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. वाणीने माझे मनगट घट्ट धरले. आमच्या संसारात तिने रस्त्यावर असे कधी धरले नव्हते. पूल उतरेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. घरासमोर उतरलो. ऑटोवाल्याला मी थोडे जास्त दिले, तो काही न बोलता निघून गेला, भला माणूस असावा. वाणीने मला खूण केली की आधी जिना बघून या. जिन्यात कुणी नव्हते. मी खाली आलो, छत्री उघडली आणि तिच्या मागे धरून चाललो. आभाळ भरलेले होते, ऊन नव्हते आणि पाऊसही नव्हता. मामींचे दार उघडे होते. त्यांनी पाहिले की नाही मला माहीत नाही. वर गेल्यावर नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला.

त्यानंतर शशिकलाने गच्चीवर वाळत घातलेले परकर पाहिले. एका माणसाला एका दिवसात इतके लागत नाहीत. तिने वाणीला सरळ विचारले. कसे विचारले ते मला ठाऊक नाही, मी बाहेर होतो. बराच वेळ दोघी आत होत्या. शशिकला बाहेर आली ती डोळे पुसत, आणि मला म्हणाली की बाबा, उद्या मी सुट्टी घेते, मी येते तुमच्याबरोबर. मग जाता जाता तिने विचारले, दही खायला सांगितले होते ना डॉक्टरांनी, मग घरात दही का नाही. मी म्हटले, दधिव्रत आहे.

डॉक्टर आपल्या प्राणेशच्या वयाचे आहेत. दर आठवड्याला ते वाणीला विचारत, कसे आहे, पोट ठीक आहे ना. वाणी दर वेळी सांगे, नल्ला इरुक्केन, बरी आहे. शशिकलाने त्यांना सगळे सांगितले. वाणी खाली मान घालून बसली होती. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले की गाठीच्या शेजारीच आतडे असते, कितीही जपले तरी त्याला थोडे किरण लागतातच, आतले अस्तर सुजते, सोलवटते. अशा आतड्याला दूध पचत नाही. जितके दूध प्याल तितके जुलाब वाढतील. दही पचते. आणि जुलाबाच्या भीतीने घरातून निघताना पाणी पिणे कमी केले, तर मूत्राशय भरत नाही आणि आतड्याला आणखी किरण लागतात. वाणीने ते केलेच होते. पाणी कमी प्यायले की ऑटोत त्रास होणार नाही असे तिला वाटे. डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारले की अम्मा, मी दर वेळी विचारत होतो, तुम्ही सांगितले का नाही. ती म्हणाली, तुम्ही माझ्या मुलासारखे.

तिच्या अंगातले पाणी इतके कमी झाले होते की दाखल करावे लागले. सलाइन लावले. करंट थांबवावा लागला आणि मधे काही दिवस वाया गेले.

तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी ताटलीत दहीभात आला. मला वाटले, परत पाठवते की काय. मी तिला विचारले की एकादशीला पाणी चालेल का हे तू आचार्यांना स्वतः विचारलेस, मग दह्याचे का नाही विचारलेस. ते उत्तर मी विसरलेलो नाही. म्हणाली, "पाणी का पाहिजे ते सांगता येतं. दही का पाहिजे ते मी त्यांस कसं सांगू?"

मग तिने देवाचे नाव घेतले आणि दहीभात खाल्ला. सगळा खाल्ला, ताटली पुसून खाल्ला. इतक्या दिवसांत तिला असे जेवताना मी पाहिले नव्हते. हात धुतल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "रंजनीस सांगू नका."

मी मान हलवली. नंतर रोज तिने दही खाल्ले, गोळ्याही होत्या, आणि चार-पाच दिवसांत पोट पुष्कळ सावरले. राहिलेला करंट तिने पूर्ण घेतला. घरी आल्यावरही दधिव्रत संपेपर्यंत शशिकला ऑफिसच्या डब्यातून दही आणायची आणि वाणी ते शशिकलाच्याच खोलीत बसून खायची. स्वयंपाकघरात आणू दिले नाही. तू भेटायला आलीस ती त्यानंतर. तुला दिसली ती हाडे उरलेली, दोन पावलांवर दम लागणारी वाणी. तू तिला विचारलेस, व्रत पार पडले का. ती हो म्हणाली. मी तिथेच बसलो होतो.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, आक्काला करंटने जाळले. तेव्हा मी बोललो नाही. तो दिवस उत्तर देण्याचा नव्हता आणि दिलेही असते तर तिने सांगू नका म्हटलेले सांगावे लागले असते. आज सांगतो. करंटने तिला त्रास झाला, हे खरे आहे. नंतरही काही महिने मधूनमधून रक्त जाई, तेही खरे आहे, तुला खोटा धीर देणार नाही. पण ती गेली ते तिचा रोग आधीच फुप्फुसापर्यंत पोचला होता म्हणून. ते माघात कळले. ती गेल्यावर मी एकटाच डॉक्टरांना भेटायला गेलो होतो. मधे करंट थांबला त्याने असे झाले का, असे विचारले. ते म्हणाले, तसे सांगता येणार नाही, कुणालाच सांगता येणार नाही. तुझ्या आक्काच्या बाबतीत मला याहून जास्त काही मिळाले नाही, आणि आता विचारायला मी जाणारही नाही. एक मात्र त्यांनी सांगितले. पोटाचा त्रास बहुतेकांना होतो, आणि पहिल्या दिवशी सांगितले तर तो आटोक्यात राहतो. तुझी गाठ लहान आहे, असे वेंकट म्हणाला. वाणीची नव्हती.

म्हणून ये. आमचे साडू गुंडोराव गेल्यापासून तू कुणाकडे राहायला गेली नाहीस, मला माहीत आहे. मोरीच्या शेजारची खोली तुझ्यासाठी मोकळी केली आहे, म्हणजे कुणासमोरून जावे लागणार नाही. तिथे बायकांची एक डॉक्टरीणही आहे, मी चौकशी केली, तुला तिच्याकडे दाखवता येईल. शशिकला तुझ्याबरोबर आत येईल, तुला बोलायचे जड गेले तर ती बोलेल. ज्या दिवशी पोट बिघडेल त्या दिवशी सांगायचे, एवढेच मागतो. एकदा आंघोळ केलीस की पुरे, बाकी देव बघून घेईल.

आणि तुझे व्रत. वेंकट म्हणाला, हा चातुर्मास तरी पुरा होऊ दे, आक्काने दुखण्यातही पाळले, असे तू म्हणते आहेस. रंजनी, तुझ्या आक्काने दधिव्रतात दही खाल्ले. हे तुला कळवण्यासाठीच हे पत्र लिहिले, बाकीचे सगळे ते लिहिण्याचे धैर्य यावे म्हणून लिहीत गेलो. तिने सांगू नका म्हटले होते. तुला ही गाठ होणार हे तिला ठाऊक असते तर तिनेच फोन केला असता, असे मी स्वतःला सांगितले आहे. परवा सकाळी मी मठात गेलो. आचार्यांसमोर बसलो आणि आडपडदा न ठेवता विचारले, मेव्हणीला अमुक आजार आहे, अमुक उपचार आहे, त्यात जुलाब होतात, दुधाने वाढतात, दह्याने थांबतात, तर दधिव्रतात काय करावे. जन्मात मी कुणाशी इतके उघड बोललो नसेन. ते म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग मला विचारायला इतक्या उन्हात कशाला आलात?" इतकेच. एवढे सोपे होते.

घरात विरजण नव्हते. मामींकडे वाटी घेऊन गेलो. या महिन्यात तुमच्याकडे दही, असे त्यांनी विचारलेच. म्हटले, रंजनी यायची आहे, तिला लागेल. त्यांनी आणखी काही न विचारता वाटी भरून दिली. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात उभा राहून मी पहिल्यांदाच दुधाला विरजण लावले. दूध फार गरम होते बहुतेक, फाटल्यासारखे पाणी-पाणी झाले. काल पुन्हा लावले. आज सकाळी झाकण काढून पाहिले तर नीट लागले होते, चमचा उभा राहण्याइतके. तू येईपर्यंत हात बसेल.

तुझाच भाऊजी,
राघोत्तम